जुना ॲम्प्लिफायर, नवा डॅक: जोडणीपासून आवाज पारखण्यापर्यंत

घरात चालू स्थितीतला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि बरे स्पीकर असतील, तर आवाज सुधारायला ते भंगारात काढून साउंडबार आणायची गरज नसते. ॲम्प ऐंशीच्या दशकातला सोनोडाइन, कॉस्मिक किंवा फिलिप्स असला तरी चालेल. दोष बहुतेक वेळा ॲम्पमध्ये नसतो, त्याला आपण जो सिग्नल देतो त्यात असतो. पूर्वी तिथे टेपडेक नाहीतर सीडी प्लेयर जोडलेला असायचा. आता लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून एक पातळ वायर निघते आणि मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमध्ये जाते. गडबड तिथेच होते.

गाणं फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डाव्या-उजव्या बाजूचा वेगळा. या आकड्यांचा विजेचा चढउतार करणारं सर्किट म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, बोलीत डॅक. तो तुमच्याकडे आधीपासून आहेच: फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीत, ब्लूटूथ रिसीव्हरमध्ये. बाहेरचा डॅक घ्यायचा तो हे काम त्या गजबजलेल्या डब्यातून बाहेर काढण्यासाठी.

एक सोपी चाचणी करून पाहा. लॅपटॉप जॅकमधून ॲम्पला जोडा, गाणं लावू नका, ॲम्पचा व्हॉल्यूम नेहमीपेक्षा वर न्या आणि एखादं लांबलचक वेबपेज माउसने वरखाली सरकवा. स्पीकरमधून बारीक 'किर्र-किर्र' आलं आणि ते माउसच्या हालचालीबरोबर बदलत असेल, तर प्रोसेसरची धावपळ तुम्हाला ऐकू येतेय. गाणं लावलं की ही किरकिर झाकली जाते, जात मात्र नाही. तानपुऱ्याच्या शेवटच्या झंकारात, दोन आलापांमधल्या शांततेत ती पुन्हा डोकं वर काढते. अशा घरात डॅकचे पैसे वसूल होतात.

आधी खर्च कुठे करू नये ते

स्पीकर शोकेसच्या वेगवेगळ्या खणांत कोंबलेले असतील, एक सोफ्यामागे आणि दुसरा फ्रिजवर असेल, तर डॅकला हात लावायच्या आधी ते कानाच्या उंचीला आणा, भिंतीपासून थोडे पुढे ओढा आणि तुम्ही बसता तिथून दोन्ही सारख्या अंतरावर ठेवा. यासाठी एक रुपया लागत नाही आणि फरक महागातल्या महाग डॅकपेक्षा मोठा पडतो. दुकानदार हे सांगणार नाही, कारण यात त्याला विकायला काही नाही.

व्हॉल्यूमची कळ फिरवताना खरखर होत असेल किंवा एक बाजू अधूनमधून गायब होत असेल, तर आधी ॲम्प मेकॅनिककडे न्या. कळीचा पॉट (कळ फिरवल्यावर आवाज कमी-जास्त करणारा आतला भाग) साफ करणं आणि सुकलेले कपॅसिटर बदलणं ही त्याची रोजची कामं आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत चौकशी केलीत, तर जुने ॲम्प उघडणारा माणूस अजून सापडतो.

पहिली पायरी: ॲम्पची पाठ बघा

टॉर्च घ्या आणि मागच्या सॉकेटवरची नावं वाचा. ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेप-इन किंवा टेप-प्ले यांपैकी कोणतंही चालेल. फक्त फोनो सोडा. फोनो हे रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं. तिथे सिग्नल सुमारे शंभरपट वाढतो, शिवाय त्यातला खर्ज मुद्दाम चढवला जातो. डॅक तिथे लावलात तर फाटलेला, बदबदलेला आवाज येईल आणि स्पीकरलाही धोका. टेप-आउट किंवा रेक लिहिलेलं सॉकेटही नको, ते बाहेर जाणाऱ्या सिग्नलचं आहे.

जुन्या ॲम्पवर लाल-पांढऱ्या सॉकेटऐवजी पाच भोकांचं गोल डिन सॉकेट असलं तरी अडत नाही. डिन-टू-आरसीए केबल (आरसीए म्हणजे ती लाल-पांढरी सॉकेट) तयार मिळते किंवा कोणीही डाग देऊन बनवून देतो. नेहमीच्या जोडणीत मधली, म्हणजे २ नंबरची पिन ग्राउंड, ३ डावा आणि ५ उजवा. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातात. केबल विकत घेताना ती 'प्लेबॅक'ची आहे याची खात्री करा. रेकॉर्डिंगची केबल दिसायला हुबेहूब तशीच असते आणि लावली की काहीच वाजत नाही.

दुसरी पायरी: गाणं येतं कुठून?

डॅकची निवड चिपवरून करू नका, तुमच्या स्रोतावरून करा.

लॅपटॉप, फोन किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक असेल तर यूएसबी. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स असेल तर ऑप्टिकल, म्हणजे आकडे प्रकाशातून नेणारी केबल. सीडी-डीव्हीडी प्लेयर असेल तर कोॲक्शियल, म्हणजे तेच आकडे तारेतून नेणारी केबल, किंवा ऑप्टिकल. ही तिन्ही सॉकेट असलेला डॅक घेतला की पुढची काही वर्षं विचार करावा लागत नाही. ब्लूटूथ असेल तर ती सोय समजा, पाहुण्यांच्या फोनवरचं गाणं लावायला बरी पडते. सीडीचा डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथचा एलडॅक कोडेक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो, आणि आयफोन तर एलडॅक पाठवतच नाही, तो एएसी वापरतो. मन लावून ऐकायचं असेल तेव्हा वायर लावा.

इथे माळ्यावरच्या डीव्हीडी प्लेयरची आठवण करून देतो. आपल्याकडे घरोघरी तो होता आणि आज धूळ खातोय. त्याच्या मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या सॉकेटच्या बाजूला बहुतेक वेळा एक नारिंगी किंवा काळं सॉकेट असतं आणि त्यावर 'कोॲक्शियल' किंवा 'डिजिटल आउट' लिहिलेलं असतं. ट्रेची मोटर आणि लेन्स ठीक असतील, तर हा तुमचा सीडी प्लेयर. आतला त्याचा स्वतःचा डॅक साधारण असला तरी काही बिघडत नाही, कारण आकडे त्याने वाचायचे आणि रूपांतर बाहेरच्या डॅकने करायचं. केबलही वेगळी नको. डीव्हीडीबरोबर आलेल्या तीन पदरी केबलमधला पिवळा पदर व्हिडिओसाठी ७५ ओहमचा बनवलेला असतो आणि डिजिटल कोॲक्शियललाही तेच लागतं. सेटअप मेनूत जाऊन 'डिजिटल आउट' पीसीएमवर, म्हणजे न आवळलेल्या साध्या आकड्यांवर ठेवा. हा मेनू बघायला टीव्ही एकदा जोडावा लागेल, नंतर काढून टाका.

तिसरी पायरी: डॅक निवडताना

बाजारात तीन थर आहेत. पहिला, चार-पाचशे रुपयांत मिळणारी 'ऑप्टिकल टू आरसीए' डबी. टीव्हीवरच्या बातम्या-मालिकांना पुरते, पण मागे हलकी सरसर असते आणि बऱ्याच डब्या मोठ्या सॅम्पल रेटला (सेकंदाला जास्त नमुने असले की) मुक्या होतात. दुसरा, फोनला लावायचा यूएसबी-सी डोंगल, म्हणजे वायरच्या टोकाएवढा इवलासा डॅक. कुणी हसेल, पण चांगल्या कंपनीचा डोंगल मोजमापाला इतका स्वच्छ असतो की नुसत्या फोन-लॅपटॉपवरून ऐकणाऱ्याने इथेच थांबायला हरकत नाही. त्याला ३.५ मिमी-टू-आरसीए केबल लावा. तिसरा, टेबलावर ठेवायचा स्वतंत्र डॅक, साधारण आठ-दहा हजारांच्या पुढे. टॉपिंग, एसएमएसएल, फिओ ही नावं इथे सारखी दिसतील. यात पैसे जातात ते जास्त सॉकेट, रिमोट आणि ठरावीक २ व्होल्टचं आउटपुट यासाठी.

माहितीपत्रकात पाहायच्या गोष्टी थोड्याच. आउटपुट २ व्होल्टच्या आसपास हवं, सीडी प्लेयरचा हाच प्रघात आहे. सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे गाणं आणि मागची सरसर यांतलं अंतर, १०० डेसिबलच्या वर हवं. १६ बिटची मर्यादाच ९६-९८ च्या घरात असते, त्यामुळे ११५ आणि १२५ मधला फरक तुमच्या हॉलमधल्या पंख्याखाली कुणालाही कळणार नाही. आणि व्हॉल्यूम डॅकवरूनच कमी-जास्त करता येत असेल तर ते जरूर घ्या, का ते पुढे येतंच.

३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी ५१२ ही अक्षरं खोक्यावर शोभतात, तिथेच राहू द्या. ४४.१ किलोहर्ट्झला २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. चाळिशीनंतर कान १५-१६ च्या आसपासच दम टाकतात. एमक्यूए या गाणी आवळून पाठवायच्या पद्धतीच्या शिक्क्यासाठी काही वर्षं लोकांनी जास्त पैसे मोजले. २०२३ मध्ये ती कंपनीच अडचणीत आली आणि २०२४ मध्ये टायडल या गाण्यांच्या स्ट्रीमिंग सेवेनेही तो प्रकार बंद केला. चिपच्या नावाचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाच्या एकेएम या डॅक-चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या आणि बऱ्याच डॅक-कंपन्यांनी आपली मॉडेलं ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर फिरवली. मोजमापात त्या मॉडेलांचं काही अडलं नाही. 'अमुक चिपचा आवाज गोड' म्हणणाऱ्याला पुढची चाचणी करून बघायला सांगा.

चौथी पायरी: जोडणी

सगळ्यांचं बटण बंद, ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर. आधी डॅकपासून ॲम्पपर्यंतची लाल-पांढरी केबल लावा, मग डिजिटल केबल, शेवटी डॅकची वीज. चालू करताना आधी स्रोत, मग डॅक, सर्वांत शेवटी ॲम्प. बंद करताना उलट, म्हणजे ॲम्प आधी. डॅक जागा होताना 'टप' असा ठोका देतो, तो स्पीकरपर्यंत जायला नको.

ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपी असते. ती काढल्याशिवाय पिन आत जात नाही, आणि लोक जोर लावून सॉकेटची झडप मोडतात. टोपी काढा, एक टोक टीव्हीत लावा, दुसरं तळहातावर धरा. लाल ठिपका दिसला की टीव्ही डिजिटल पाठवतोय. केबल चिमटून वाकवू नका, मोठा वळसा द्या.

डॅकला ५ व्होल्ट लागत असतील तर ओळखीच्या कंपनीचा मोबाइल चार्जर वापरा. फुटपाथवरचा चार्जर नको, त्याची घरघर थेट आवाजात उतरू शकते.

पाचवी पायरी: सेटिंग

डॅक जोडला आणि फरक पडला नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथे अडकलेले असतात.

टीव्हीत डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'वर राहिलं तर साध्या डॅकला तो डेटा उलगडता येत नाही. एखाद्या चॅनेलवर आवाज येतो, ओटीटीवरचा सिनेमा लावला की मुका होतो, हे त्याचंच लक्षण. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा, नाहीतर दोन्हीकडून आवाज येऊन घुमल्यासारखा वाटेल. ऑप्टिकलवर बहुतेक टीव्हींचं रिमोट आवाज कमी-जास्त करत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. घरातल्या ज्येष्ठांसाठी रिमोटवाला डॅक घेणं हाच त्यावर उपाय. आणि टीव्हीवर फक्त एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं एचडीएमआय सॉकेट) असेल, तर डॅकवर तेच सॉकेट हवं, साधी एचडीएमआय केबल लावून काही होत नाही.

विंडोजमध्ये साउंड सेटिंग्जमध्ये डॅक हे डिफॉल्ट उपकरण करा आणि फॉरमॅट २४ बिट, ४४,१०० ठेवा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून नव्या यूएसबी डॅकना वेगळा ड्रायव्हर लागेलच असं नाही. फूबार २००० सारख्या प्लेयरमध्ये 'एक्स्क्लुसिव्ह' आउटपुट निवडलं की मेल आल्याची टिंग-टिंग गाण्यात मिसळत नाही. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये सॅम्पल रेट हाताने बदलावा लागतो. ॲपल म्युझिक तो आपणहून बदलत नाही. अँड्रॉइड बरेचदा सगळं ४८ किलोहर्ट्झला आणून पाठवतं. फार मनाला लागत असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो हे ॲप तो टप्पा वगळतं. आयफोनवर ४८ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकायला बाहेरचा डॅक लागतोच, आणि म्युझिकच्या ऑडिओ क्वालिटीत लॉसलेस चालू करावं लागतं.

इक्वलायझर, 'सराउंड', 'बास बूस्ट' हे सगळं बंद करून एकदा ऐका. नंतर हवं ते चालू करा.

सहावी पायरी: आवाजाची पातळी

जुन्या ॲम्पचं ऑक्स इनपुट १५०-२०० मिलिव्होल्टला पूर्ण आवाज देईल असं बनवलेलं असतं. डॅक देतो २ व्होल्ट, म्हणजे २० डेसिबल जास्त. मग व्हॉल्यूमची कळ जेमतेम आठ वाजल्याच्या जागी आली की घर हादरतं. त्याहून खाली जुन्या पॉटच्या दोन बाजू सारख्या चालत नाहीत. गायक मधून सरकून एका स्पीकरला चिकटतो, आणि दोष मात्र डॅकला दिला जातो. काही ॲम्पमध्ये तर पॉटच्या आधीचाच टप्पा एवढ्या सिग्नलने फाटतो.

यासाठी डॅकवरचा व्हॉल्यूम हवा. तो १०-१२ डेसिबल खाली आणा, म्हणजे ॲम्पची कळ नऊ ते बाराच्या मध्ये फिरेल आणि तिथे दोन्ही बाजू जुळतात. डिजिटल व्हॉल्यूम कमी केल्याने दर्जा जातो ही भीती जुनी आहे. १२ डेसिबल म्हणजे दोन बिट, आणि २४ बिटच्या डॅकमध्ये तेवढी जागा असते. फोन-लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, कमी-जास्त करायचं ते एकाच ठिकाणी.

फरक खरा की मनाचा?

कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो. लॅपटॉपच्या जॅकमधून १ व्होल्ट येत असेल आणि डॅकमधून २, तर कळ न हलवता डॅक ६ डेसिबल मोठा वाजतो, आणि 'काय उघडलाय आवाज!' असं तोंडून निघून जातं.

प्रामाणिक तुलना करायला तोच डीव्हीडी किंवा सीडी प्लेयर कामी येतो, कारण तो दोन्ही वाटांनी एकाच वेळी सिग्नल सोडतो. त्याचं लाल-पांढरं आउटपुट ॲम्पच्या ऑक्सला लावा, कोॲक्शियल डॅकला आणि डॅक ट्यूनर इनपुटला. आता साध्या मल्टिमीटरने पातळी जुळवायची. १०० हर्ट्झचा सरळ सूर सीडीवर घालून तो हळू आवाजात लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. दोन प्रोब एकमेकांना लागू देऊ नका, ॲम्प शॉर्ट होईल. ऑक्सवर ०.५० आला तर डॅकचा व्हॉल्यूम असा लावा की ट्यूनरवरही ०.५० च्या एक-दोन टक्के इकडेतिकडेच येईल. मग तुम्ही पाठ करून बसा आणि घरातल्या कुणाला तरी सिलेक्टर मनाला येईल तसा फिरवायला सांगा. तुम्ही फक्त 'अ' की 'ब' ते सांगायचं आणि त्यांनी लिहून घ्यायचं. वीस वेळा करून पंधरा-सोळा वेळा बरोबर आलात तर फरक आहे. दहा-अकराच आलात, तर परतीची मुदत संपायच्या आत डॅक दुकानात जाऊ द्या.

ऐकायला एकल गायन घ्या, मागे जोडतानपुरे असलेलं. डग्ग्यावरची घसीट संपताना आवाज विरतो की तुटतो, झंकाराची शेपूट किती लांब ऐकू येते, याकडे लक्ष द्या. वाद्यांचा गलबला असलेल्या सिनेगीतात हे काही सापडत नाही.

गुणगुण आली तर

नवा डॅक लावल्यावर 'हंऽऽ' असा खर्जातला सूर सुरू झाला, तर तो बहुतेक अर्थिंगचा फेरा असतो. एका वस्तूची अर्थ एका सॉकेटमधून, दुसरीची दुसऱ्या सॉकेटमधून किंवा केबल टीव्हीच्या वायरमधून जमिनीकडे जाते आणि मधला ५० हर्ट्झ ऑडिओ केबलमध्ये शिरतो. एकेक वायर काढत शोधा. डॅक काढूनही गुणगुण असेल तर ॲम्पचंच दुखणं आहे. डॅकमुळे येत असेल तर त्याची यूएसबी काढा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबत असेल तर चोर सापडला.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. सगळ्या वस्तू एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. टीव्ही असेल तर ऑप्टिकल वापरा. प्रकाशातून वीज जात नाही, तिथे फेरा तुटतो. लॅपटॉपला ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो, तो डेटा जाऊ देतो पण दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडतो. स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटलाच थांबतात, त्यामुळे डॅक जुन्या यूएसबी पद्धतीवर, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत चालवावा लागतो. ऐकायला ते भरपूर झालं. आरसीएवर लावायचा ग्राउंड-लूप आयसोलेटरही चालतो, पण हलक्यातल्या ट्रान्सफॉर्मरने खर्ज पातळ होतो.

थ्री-पिन प्लगची अर्थ पिन कापणं हा सल्ला बरेच इलेक्ट्रिशियन बिनदिक्कत देतात. गुणगुण थांबतेही. पण आतली वायर ॲम्पच्या पत्र्याला टेकली तर तो पत्रा जिवंत होतो आणि हात लावणाऱ्याला शॉक बसतो, म्हणून हे कधीही करू नका. ॲम्पच्या पत्र्यावरून बोटाची पाठ फिरवताना झिणझिण्या येत असतील, तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या, डॅक दोन दिवस थांबेल.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर आरसीए पिनांवर हिरवट-काळी पुटं चढतात आणि एक बाजू रुसते. सप्टेंबरअखेर सगळ्या पिना काढून काँटॅक्ट क्लीनरने पुसा, सॉकेटमध्ये दोन-तीन वेळा फिरवून घट्ट बसवा. ऑप्टिकल केबल काढून ठेवणार असाल तर तीच इवलीशी टोपी परत लावा. टोकावर धूळ-घाण चढली की लाल ठिपका अंधूक होतो.